ज्येष्ठांसाठी दीनदयाळ कार्ड, वय वंदना कार्ड की जुनी पॉलिसी?

डिचोलीवासी (प्रश्न)

आमच्या घरी आजी (वय 94), बाबा (74) आणि आई (67) असे तिघे ज्येष्ठ आहेत. मी, पत्नी आणि दोन मुले धरून सात जणांचे कुटुंब आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आमच्याकडे पूर्वीपासून आहे. त्याशिवाय आई-बाबांची एका खासगी कंपनीची एकत्रित पॉलिसी बरीच वर्षे चालू आहे. तिचा हप्ता दरवर्षी वाढतो आणि पुढच्या महिन्यात तिचे नूतनीकरण करायचे आहे. सत्तरीवरच्या सर्वांना पाच लाखांचे संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड निघाल्यापासून अनेक जण मला सांगतात की, ते कार्ड काढा आणि पॉलिसी सोडून द्या.

बाबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, आईच्या गुडघ्यांचा त्रास वाढत चालला आहे आणि आजी अंथरुणाला खिळून आहे. वय वंदना कार्डाचा लाभ आईला मिळेल का? आजी आणि बाबा यांना पाच-पाच लाख स्वतंत्र मिळतात का? आणि हे सारे असताना पॉलिसीचा हप्ता भरत राहण्यात अर्थ आहे का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त आरोग्य कर्मचारी, फोंडा

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. वय वंदना कार्ड ज्यांचे वय आधार कार्डाप्रमाणे 70 किंवा त्याहून अधिक आहे त्यांनाच मिळते. त्यामुळे आईंना तीन वर्षे थांबावे लागेल आणि बाबांच्या कार्डावर त्यांचे नाव घालता येणार नाही. पाच लाखांची मर्यादा एका कुटुंबातील सत्तरीवरच्या सर्व सदस्यांसाठी मिळून वर्षाला एकच असते, म्हणजे आजी आणि बाबा यांना ती वाटून घ्यावी लागेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये आयुष्मान भारत योजनेच्या या विस्ताराला मान्यता दिली आणि 29 ऑक्टोबर 2024 रोजी तो लागू झाला. उत्पन्नाची कोणतीही अट नाही, त्यामुळे आपली परिस्थिती बरी आहे म्हणून हे कार्ड आपल्यासाठी नसावे, असे समजून कोणी मागे राहू नये. मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात, कोणताही प्रतीक्षाकाळ नाही.

दीनदयाळ योजना 2016 मध्ये सुरू झाली. गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ती आहे आणि तिच्यात वयाची अट नाही. तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. तुमच्या आईंसाठी आज उपलब्ध असलेला सरकारी आधार हाच आहे, त्यामुळे त्या कार्डाची मुदत आणि त्यावरील नावे आजच तपासून घ्या. सून आणि नातवंडे आली, तरी कार्डावर जुनीच नावे राहिली आहेत, असे मी नोकरीत असताना वारंवार पाहिले आहे.

आता माझे मत सांगतो. चार लाख की पाच लाख, असा विचार करून निवड करू नये. सरकारी योजनांत प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरवून दिलेला असतो आणि रक्कम त्या दराने मोजली जाते. त्यामुळे योजनेतील पाच लाख खासगी बिलातील पाच लाखांपेक्षा पुष्कळ पुढे जातात. मात्र जे इस्पितळ योजनेच्या यादीत नाही, तिथे त्या रकमेचा एक रुपयाही उपयोगी पडत नाही, कारण ही रोकडरहित सेवा आहे. आधी आपण बिल भरावे आणि नंतर सरकारकडून पैसे परत घ्यावेत, अशी सोय इथे नाही. म्हणून तुमची माणसे आजारी पडली, तर प्रत्यक्षात कुठे नेली जातील, हे आधी ठरवा. डिचोलीहून तुम्ही म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जाल, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जाल, की ज्या खासगी इस्पितळात बाबांचे डॉक्टर बसतात तिथे जाल? ज्या इस्पितळाचे नाव मनात येईल, तिथल्या योजनेच्या कक्षात जाऊन दोन प्रश्न विचारा: इथे कोणते कार्ड चालते, आणि अमुक उपचारासाठी चालते का? दुसरा प्रश्न विसरू नका. एखादे इस्पितळ डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी यादीत असते, पण हृदयरोगासाठी नसते.

गोमेकॉत आणि जिल्हा इस्पितळांत गोमंतकीयांना बहुतेक उपचार तसेही विनामूल्य मिळतात, हेही हिशेबात धरा. जो उपचार गोमेकॉत होऊ शकत नाही, त्यासाठी आरोग्य खात्याची वेगळी मेडिक्लेम योजना आहे. तिला 15 वर्षांच्या वास्तव्याची अट आहे आणि गोमेकॉचे तसे पत्र उपचाराआधी घ्यावे लागते.

आईची मुलगी, मडगाव

वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालते. वय वंदना कार्डात दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधे धरलेली असतात, परंतु एरवीची बाह्यरुग्ण तपासणी आणि महिन्याची औषधे त्यात येत नाहीत. डिचोलीवासी यांच्या बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांची फी हा खर्च घरालाच करावा लागेल. ज्येष्ठांच्या घरात वर्षभर पैसा जातो तो बहुधा याच वाटेने, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही.

माझ्या आईची (वय 77) हृदयवाहिनीची शस्त्रक्रिया याच कार्डावर एका खासगी इस्पितळात झाली. उपचार उत्तम झाले, त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. मात्र घरी सोडण्याच्या दिवशी हातात एक स्वतंत्र पावती देण्यात आली आणि हातमोजे, सलाईनच्या नळ्या, कॅथेटर अशा वस्तूंचे पैसे वेगळे भरावे लागतील, असे सांगण्यात आले. योजनेच्या ठरलेल्या दरात या वस्तू, खाट, जेवण, औषधे आणि बसवलेला स्टेंट हे सर्व धरलेले असते. मी पैसे भरण्याआधी त्या पावतीचे छायाचित्र काढले, योजनेच्या कक्षातील आरोग्यमित्रांना दाखवले आणि 14555 या क्रमांकावर तक्रार नोंदवणार असल्याचे शांतपणे सांगितले. थोड्या वेळाने ती पावती मागे घेतली गेली. ज्यांना हे ठाऊक नसते ते मुकाट्याने पैसे भरून घरी जातात, याचे मला फार वाईट वाटते. कार्डावर दाखल केलेल्या रुग्णाकडून कोणी वेगळे पैसे मागितले, तर लेखी मागावे आणि आधी आरोग्यमित्रांना भेटावे, ही सर्वांना विनंती.

विमा सल्लागार, म्हापसा

पॉलिसीबद्दल लिहितो. वय वंदना कार्ड असताना खासगी पॉलिसी ठेवता येते, त्याला कोणतीही आडकाठी नाही. सोडून देण्याआधी एवढेच लक्षात घ्या की, तुमच्या आईंना कार्ड मिळायला तीन वर्षे आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न आजचा आहे. पॉलिसी खंडित केली आणि पुढे नवी घ्यायची वेळ आली, तर आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाईल. विमा नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये हा काळ जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आणला आणि नवी पॉलिसी घेण्यासाठीची 65 वर्षांची वयोमर्यादाही उठवली, हे खरे. तरीही या वयात कंपनीने अर्ज स्वीकारावा, असे बंधन तिच्यावर नाही. इतकी वर्षे सांभाळलेले सातत्य हीच तुमच्या पॉलिसीची खरी किंमत आहे.

हप्ता जड होत असेल, तर मधले मार्ग आहेत. एकत्रित पॉलिसीचा हप्ता सहसा सर्वांत ज्येष्ठ सदस्याच्या वयावर ठरतो, म्हणजे सध्या तो बाबांच्या वयाप्रमाणे आकारला जात असावा. आईंची पॉलिसी सातत्य राखून वेगळी करता येईल का, बाबांची विमा रक्कम कमी करून हप्ता किती उतरेल, याचा लेखी हिशेब कंपनीकडून मागवा. प्राधिकरणाशी आधी चर्चा केल्याशिवाय ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा जानेवारी 2025 चा आदेश आहे. मागील पावतीशी ताडून पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील जीएसटी शून्य झाला आहे, तोही नव्या हप्त्यात दिसायला हवा. जुन्या करप्रणालीने विवरणपत्र भरत असाल, तर ज्येष्ठ आई-वडिलांच्या हप्त्यापोटी कलम 80 डी खाली 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते.

एक धोक्याची सूचना. नूतनीकरणाच्या तारखेनंतर वार्षिक हप्त्यासाठी 30 दिवसांची सवलत असते आणि त्या मुदतीत भरणा केल्यास सातत्य टिकते, परंतु त्या मधल्या दिवसांतील आजारपणाचा दावा मिळत नाही. विचार करायला वेळ हवा म्हणून तारीख उलटू देऊ नका.

डिचोलीवासी

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. या वर्षी दोघांचीही पॉलिसी चालू ठेवतो आणि आईसाठी वेगळ्या पॉलिसीचा हिशेब मागवतो. दोन शंका उरल्या. आजीच्या बोटांचे ठसे कुठेच उमटत नाहीत. आयुष्यभर शेतात आणि काजूच्या बागेत राबलेले हात आहेत. तिची नोंदणी कशी करावी? आणि वास्कोला राहणारे माझे काका (73) केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले असून त्यांच्याकडे सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड आहे. त्यांनीही वय वंदना घ्यावे का?

निवृत्त आरोग्य कर्मचारी, फोंडा

आजींसाठी ठशांवर अडून राहू नका. आयुष्मान ॲपवर आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने किंवा चेहऱ्याच्या ओळखीनेही पडताळणी होते आणि ती घरी बसून करता येते. त्यांच्या आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला नसेल, तर चेहऱ्याची ओळख करून पाहा. खाटेवर उशाला टेकवून बसवा, प्रकाश समोरून येऊ द्या आणि डोक्यावरचा पदर थोडा मागे सारा. आधारशिवाय दुसऱ्या कोणत्याही कागदाची गरज नाही.

काकांच्या बाबतीत मात्र घाई नको. सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान योजना यांपैकी एखादी ज्यांना लागू आहे, त्यांना आपली योजना किंवा वय वंदना यांतील एकच निवडावी लागते. सीजीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि नेहमीची औषधेही मिळतात, वय वंदनात ती मिळत नाहीत. रोज औषधे घेणाऱ्या माणसाने पाच लाखांच्या आकड्याकडे पाहून ती सोय सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामगार, वेर्णा

औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेल्यांसाठी लिहितो. ज्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होते आणि निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षे विमापात्र नोकरी झाली होती, त्यांना वर्षाला केवळ 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी ईएसआयचे वैद्यकीय लाभ पुढेही चालू ठेवता येतात. मडगावच्या ईएसआय इस्पितळाचा उपयोग त्यामुळे सुटत नाही, आणि सत्तरीनंतर याच्या जोडीला वय वंदना कार्डही घेता येते, इथे एकाचीच निवड करण्याची सक्ती नाही. माझ्यासोबत निवृत्त झालेल्या अनेकांनी हे पैसे भरलेलेच नाहीत, कारण निवृत्तीच्या वेळी त्यांना कोणी सांगितले नाही. आपल्या ओळखीत कोणी असतील, तर त्यांना जुना विमा क्रमांक शोधून ठेवायला सांगा. अर्जासाठी तोच प्रथम विचारतात.