धावपटू मित्राच्या वाटा एका नकाशावर कशा आणायच्या?

मदत हवी आहे. साताऱ्याचा आमचा धावपटू मित्र ऐन पंचविशीत गेला. यवतेश्वर घाट असो, अजिंक्यतारा की वासोटा, पुढे तोच असायचा. वर्षश्राद्धाला त्याच्या आई-बाबांना तो धावलेल्या सगळ्या वाटांचा एकच मोठा छापील नकाशा द्यायचाय.

त्याचं गार्मिन घड्याळ आहे, धावलेली वाट जीपीएसने नोंदवणारं. पट्ट्याच्या भोकांत कासची लाल माती अजून तशीच. पुसायची कुणाची हिंमत होत नाही. केबलने लॅपटॉपला जोडून फिट फाइल्स (धावण्याच्या नोंदी) कॉपी करून घेतल्यात. फोन लॉक आहे, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. घड्याळ रिसेट करायचं नाही. घरच्यांची परवानगी आहे.

जीपीएसबॅबल या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅमने त्यांच्या जीपीएक्स (वाटा साठवणारा फाइल-प्रकार) करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा विचार आहे. एकेक फाइल न घेता सगळ्या एकदम कशा बदलायच्या? आणि सातारा-सांगलीत ए-झिरो आकारात चांगल्या कागदावर कुठे छापून मिळेल?