अनुभव धागा : मुलांच्या अंगावरचे मोलस्कम, चामखिळी आणि न दुखवणारे उपचार

मोलस्कम कन्टॅजिओसम हा त्वचेवर बारीक फोड आणणारा विषाणूजन्य संसर्ग बहुतेक मुलांमध्ये ६ ते १८ महिन्यांत आपोआप बरा होतो. मधल्या काळात मुलाला न दुखवता आपण काय केले, हे पालकांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. चामखिळींचे अनुभवही चालतील.

आई, ठाणे
लेकीच्या काखेत मोत्यासारखे चकचकीत, मधोमध बारीक खळगा असलेले फोड आले. एका दवाखान्यात ते त्याच दिवशी खरवडून काढायला सांगितले. तिला घट्ट धरून ठेवावे लागेल, असेही बजावले. मला ते पटले नाही. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी तिच्या इसबाकडे लक्ष वेधले, कारण कोरडी कातडी खाजते आणि खाजवलेल्या जागी विषाणू पसरतो. त्यामुळे कोमट पाण्याची आंघोळ, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, कापलेली नखे आणि वेगळा टॉवेल, एवढ्यावरच आम्ही भर दिला. पुढे काही फोड लालबुंद होऊन सुजले, तेव्हा माझा जीव घाबरा झाला. परंतु ताप, पू किंवा पसरत जाणारी लाली नसल्यामुळे, शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाल्याची ती खूण असल्याचे बाईंनी समजावले. तेच फोड आधी बसले.

बाबा, कोल्हापूर
मुलाच्या बोटावर चामखीळ होती. चुना लावा, घोड्याचा केस बांधा, असे सल्ले घरोघरी मिळतात. चुन्याने कोवळी कातडी भाजते, म्हणून कृपया तो लावू नका. आम्ही डॉक्टरांना विचारून सॅलिसिलिक अॅसिड वापरले. रात्री बोट कोमट पाण्यात भिजवायचे, मऊ पडलेला थर नखांच्या कानशीने हलकेच घासायचा, भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावायचे आणि मग औषधाचा थेंब नेमका चामखिळीवर सोडायचा. चुरचुरले की एक-दोन दिवस थांबायचे. १२ आठवड्यांपर्यंत धीर धरावा लागतो. हे औषध चेहऱ्यावर चालत नाही, आणि ती कानस दुसऱ्या कोणी वापरू नये.

आई, न्यू जर्सी
इथे २०२३ मध्ये मोलस्कमसाठी कँथॅरिडिनच्या (कातडीवर पाण्याचा फोड उठवणाऱ्या रसायनाच्या) औषधाला मान्यता मिळाली. ते डॉक्टरच लावतात, आणि २४ तासांनी घरी धुवायचे असते. लावताना मुलगा शांत बसला. नंतर मात्र फोड उठून थोडी आग झाली.

बालरोगतज्ज्ञ, पुणे
फोड काढणे भागच असेल, तर आधी बधिर करणारे मलम लावता येते. मात्र त्याचे प्रमाण वय आणि वजन पाहूनच ठरवावे, कारण लहान बाळाला ते जास्त झाल्यास अपाय होतो. पापणीवर फोड असल्यास घरी काहीही लावू नये, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. शाळा बुडवण्याची गरज नाही. उघड्या जागेवरचे फोड कपड्याने किंवा पट्टीने झाकले की पुरते.