स्ट्रिंगने तुमचं काय घोडं मारलंय?

निवांत_नारायण (धागाकर्ता)
'पाथ स्ट्रिंगमध्ये ठेवणारा प्रोग्रॅमर म्हणजे हेल्मेट न घालता हायवेवर निघालेला माणूस. अ‍ॅब्सोल्यूट, रिलेटिव्ह, फाइल, डिरेक्टरी, सगळ्याला वेगळे टाइप हवेत, हॅस्केलमध्ये आहेत तसे.' परवा इथंच एकाने ठणकावलं आणि खाली +१ ची रांग लागली. म्हणून हा धागा. (नवख्यांसाठी: पाथ म्हणजे फाइलचा पत्ता, स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर, टाइप म्हणजे कोडमधल्या माहितीचा प्रकार, जो कंपायलर प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासतो. अ‍ॅब्सोल्यूट पाथ मुळापासून, म्हणजे '/' पासून सुरू होतो, रिलेटिव्ह चालू फोल्डरपासून. डिरेक्टरी म्हणजे फोल्डर. हॅस्केल ही काटेकोर टाइपांची भाषा.)

अहो, डिस्कवर काय चाललंय ते टाइपला काय कळतं? 'ही फाइल आहे' असं कंपायलरला पटवलंत, आणि तोवर कुणी त्याच नावाचं फोल्डर करून ठेवलं असेल तर? शेवटी फाइल उघडणारा ओपन कॉल सांगेल तेच खरं. कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, बाइट्सच जातात. मग मधे हे सोपस्कार कशाला?

टाइपवेडी
डिस्कवर काय आहे ते टाइप सांगतो, असा दावा केला कुणी? हॅस्केलच्या 'पाथ' लायब्ररीत दोन पाथ जोडताना अट एवढीच: डावीकडे डिरेक्टरी, उजवीकडे रिलेटिव्ह. नसेल तर कंपाइलच होत नाही.

आता पायथनचं पाथ जोडणारं फंक्शन, ओएस-पाथ-जॉईन घ्या. दुसरा तुकडा '/' ने सुरू झाला की पहिला गुपचूप केराच्या टोपलीत. आमच्याकडे ग्राहकाने भरलेल्या नावावरून फोल्डर ठरायचं. एकाने नावाआधी तिरकी रेघ मारली आणि त्याचे बॅकअप भलतीकडेच जाऊन पडले. एरर नाही, वॉर्निंग नाही. ऑडिटवाल्याने फाइल मागितली तेव्हा शोधाशोध.

पायथनपंत
पाथलिब वापरा की, पाथसाठी वेगळा टाइप देणारी पायथनचीच लायब्ररी. पायथन 3.4 पासून आहे, म्हणजे 2014. 3.6 पासून तिचा पाथ ओपनलाही थेट देता येतो. विषय संपला.

टाइपवेडी
कसला संपतोय! पाथलिबमध्ये अ‍ॅब्सोल्यूट पाथ पुढे जोडा, पहिला तिथेही उडतो. रस्ट भाषेतल्या पाथबफ टाइपचा पुश, म्हणजे पुढे जोडणं, तेही तेच करतं. नुसता वेगळा टाइप म्हणजे काटेकोर टाइप नव्हे.

पायथनपंत
बरं, दंडवत घ्या. तुमच्याकडे सगळे हॅस्केल लिहीत असतील, आमच्याकडे नव्या पोरांना इंडेंटेशन समजावता समजावता संध्याकाळ होते.

सी_वाले_काका
सगळा घोळ विंडोजवाल्यांचा. 1983 मध्ये डॉस 2.0 ला फोल्डर आले, पण '/' आधीच कमांडच्या पर्यायांना देऊन बसले होते, म्हणून पाथमध्ये उलटी रेघ. सी भाषेत उलट्या रेघेपुढे एन आला की नवी ओळ! त्यात पाथला ती 260 अक्षरांची मर्यादा. निम्मं आयुष्य गेलं यात.

वाडीचा_विश्वास
अवांतर: तुम्ही सगळे इंग्रजी नावांवर भांडताय. आमच्या तालुक्याच्या कामात फाइलचं नाव होतं 'शेतकऱ्यांची यादी'. जुन्या मॅकवर टार केली (एका गठ्ठ्यात बांधली), लिनक्स सर्व्हरवर उघडली, आणि कोड म्हणतो अशी फाइलच नाही. स्क्रीनवर तर अक्षरन् अक्षर तेच!

कारण तो 'ऱ'. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो एका कोडनेही येतो, आणि र + नुक्ता (खालचं टिंब) असाही. मॅकची जुनी फाइल सिस्टिम एचएफएस प्लस नाव साठवताना त्याची फोड करायची. लिनक्सला '/' आणि शून्य किमतीचा बाइट सोडून काहीही चालतं आणि तुलना बाइटला बाइट, त्यामुळे त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. सांगा, कुठला टाइप पकडतो हे?

पुणेरी_पॉइंटर
फायलींची नावं इंग्रजीत ठेवा. मिटलं.

वाडीचा_विश्वास
का म्हणून? तलाठीभाऊसाहेबांनी तुमच्या कोडसाठी स्पेलिंगं पाठ करायची? आधीच लिनक्सवर नावाला 255 बाइट, देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं, म्हणजे उरली 85. त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. सरकारी पत्राचा विषय नावात टाकला की शेपूट तुटलंच.

पुणेरी_पॉइंटर
मी उपाय सांगितला, तुमची अस्मिता नाही काढली. भावनांना आवर घाला.

मराठी_माउस
उपाय कसला, पळवाट आहे ही! याच 'चालतंय की' वृत्तीने युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत वीस वर्षं टंकन झालं. आज ते दस्तऐवज उघडा, रोमन अक्षरांचा नुसता कचरा. तेव्हाही युनिकोड मागणाऱ्याला भावनाप्रधानच म्हणायचे.

टाइपवेडी
फाँटांचा वेगळा धागा काढा हो कुणीतरी.

विश्वास, टाइप हे पकडू शकतो. बाहेरून आलेलं कच्चं नाव एक टाइप, नॉर्मलाइज केलेलं (म्हणजे 'ऱ' सारखी अक्षरं एकाच ठरलेल्या रूपात आणलेलं) दुसरा, आणि रूपांतर एकाच फंक्शनमधून. रस्टने ओएस-स्ट्रिंग, म्हणजे सिस्टिमकडच्या नावांचा टाइप, वेगळी ठेवली तीही यासाठीच, की फाइलचं नाव धड युनिकोड असेलच याची हमी नाही.

वाडीचा_विश्वास
आणि नॉर्मलाइज केलेल्या नावाने डिस्कवरची फोड झालेली फाइल उघडणार कशी? तिथे मूळ बाइटच लागतात.

टाइपवेडी
उघडायला कच्चं, शोधायला नॉर्मलाइज केलेलं. दोन्ही ठेवायची, आणि एकाच्या जागी दुसरं दिलं की कंपायलर ओरडणार.

वाडीचा_विश्वास
हं. हे स्ट्रिंगच्या दोन व्हेरिएबलांतही जमतं म्हणा. पण आमच्याकडे दर सहा महिन्यांनी माणूस बदलतो, नवा आला की तो अदलाबदल करणारच. तेवढ्यापुरतं पटलं.

निवांत_नारायण
धागा माझा आणि मलाच विचारत नाही कुणी. 2015 चा स्टीमचा (गेम्सच्या अ‍ॅपचा) लिनक्सवरचा बग आता कुणीतरी काढेलच, म्हणून मीच काढतो. स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि पुसण्याची कमांड थेट '/' पासून लागली, लोकांच्या फायली साफ. पण ती शेल स्क्रिप्ट होती, नुसती कमांडांची यादी. तिथे टाइप कुठून आणणार?

टाइपवेडी
रिकामी स्ट्रिंग म्हणजे पाथ नव्हे, हे तरी मान्य ना?

निवांत_नारायण
मान्य, बाईसाहेब. नव्या कोडमध्ये बाहेरून आलेला पाथ आत येतानाच एकदा तपासून टाइपात घालीन. जुन्या कोडमधल्या स्ट्रिंगांना मात्र हात लावणार नाही. हौस असेल तर शनिवारी या, चहा माझ्याकडून.

पुणेरी_पॉइंटर
एवढ्या उठाठेवीपेक्षा नाव इंग्रजीत...

वाडीचा_विश्वास
झालं यांचं सुरू.