घरच्या संगणकावरचं मोजमाप पोरखेळ? मला मान्य नाही

अर्धवाहक:
परवा इथे एकाने लिहिलं, "घरचा संगणक मोजमापाला लावणं म्हणजे पोरखेळ." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. १९८१ च्या बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकाला चार चॅनलचं, १२ बिटचं अ‍ॅनालॉग पोर्ट होतं, म्हणजे बाहेरून येणारं व्होल्टेज ४०९६ पायऱ्यांत मोजून त्याचा आकडा देणारी जोडणी. थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा घटक) जोडा, बेसिक या प्रोग्रॅमच्या भाषेत चार ओळी लिहा, सकाळी रात्रभराच्या तापमानाचा आलेख तयार. नाडी, ईसीजीसुद्धा जमतं. मी वह्याच्या वह्या अशा भरल्यात. महागडं यंत्र कपाटात कुलूपबंद असेल तर शिकणाऱ्याला त्याच्या अचूकतेचा काय उपयोग?

शून्यरेषा:
ते वाक्य माझंच, आणि मी ते मागे घेत नाही. १२ बिट कागदावर. खालचे, म्हणजे सगळ्यात बारीक फरक दाखवणारे बिट नुसते नाचतात. त्यात संदर्भ व्होल्टेज, म्हणजे ज्याच्याशी ताडून मोजायचं ते, तीन साध्या डायोडवरून, सुमारे १.८ व्होल्ट. डायोड तापला की अंशामागे साधारण २ मिलिव्होल्ट उतरतो, तिघांचे मिळून ६. खोली तापली की मोजपट्टीच आखडते, आणि तुम्ही तिने तापमान मोजलंत?

अर्धवाहक:
आधी सर्किट बघा. थर्मिस्टरलाही तोच संदर्भ व्होल्टेज दिला की दोन्ही बरोबर सरकतात, गुणोत्तर तेच राहतं. जॉयस्टिक त्यावरच चालायची.

शून्यरेषा:
तेवढ्यापुरतं ठीक. पण थर्मोकपल (दोन धातूंच्या सांध्याचा तापमापक) स्वतःचं व्होल्टेज घेऊन येतो, तिथे गुणोत्तर कुठून आणणार? असाच संदर्भ असलेल्या एका मोजमापाच्या कार्डापायी मी तीन आठवड्यांच्या नोंदी फेकल्यात. रोज दुपारी आलेखाला फुगवटा यायचा. आम्ही तो रसायनाचा समजून त्यावर टिपणंही लिहिली. होता डायोडचा.

हिरवी तार:
डायोडवर भांडताय, पण ईसीजीचं काय? निदानासाठी ०.०५ ते १५० हर्ट्झ लागतात. त्या पोर्टला दर नमुन्याला १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला १००. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचंच पकडता येतं, म्हणून ५० हर्ट्झच्या वरचं गेलंच. साउंड कार्ड वापराल तर बहुतेक कार्डं २० हर्ट्झच्या खालचं दाबतात, मग एसटी सेगमेंटवर (ईसीजीतल्या ठोक्यामागच्या संथ भागावर) विश्वास कसा ठेवायचा? आणि जीवाचं बघा. हृदयाशी थेट जोडायच्या भागाला आयईसी ६०६०१ हे वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेचं मानक नेहमीच्या स्थितीत फक्त १० मायक्रोअँपिअर विजेची गळती चालवून घेतं. घरच्या संगणकाचा पॉवर सप्लाय त्या हिशोबाने बनवलेलाच नसतो. माझ्या भावाने छातीला इलेक्ट्रोड लावून वायर सरळ संगणकात घातली होती. मी धावत जाऊन प्लग उपटला. तेव्हापासून यावर मला शांतपणे बोलता येत नाही.

अर्धवाहक:
मध्ये ऑप्टोकपलर (तारेने न जोडता प्रकाशाने संकेत पुढे देणारा भाग), बॅटरीवरचा अ‍ॅम्प्लिफायर घालतात. मी कधीही थेट जोडलेलं नाही.

हिरवी तार:
तुम्ही घातलात. पण वर लिहिलंत फक्त "ईसीजीसुद्धा जमतं". नवशिका तेवढंच वाचतो आणि वायर जोडतो.

अर्धवाहक:
बरं. ते वाक्य काढतो, चूक माझी. पण पोरखेळ हा शब्द अजून सलतो.

शून्यरेषा:
थर्मिस्टरपुरता मागे घेतो. थर्मोकपलला नाही.