मिथिलेचा नकाशा कसा काढावा? मदत हवी आहे

सातवीच्या मुलांसाठी भारत-नेपाळवर मोठा तक्ता करतेय आणि मिथिलेपाशी, म्हणजे उत्तर बिहार आणि त्याला लागून असलेल्या नेपाळात पसरलेल्या प्रदेशापाशी, गाडी अडलीये.

१८१६ च्या सुगौली तहानंतर नेपाळची हद्द पूर्वेला मेची आणि पश्चिमेला काली नदीपर्यंत आली. नदीची हद्द मुलांना लगेच कळते. पण मधल्या सपाट तराईत रेषा चक्क शेतांमधून जाते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मैथिली भाषा, छठचा सण, भिंतींवरची तीच चित्रं! रोटी-बेटी व्यवहारही सीमेपलीकडे चालतो. जनकपूर नेपाळात, पण तिथलं जानकी मंदिर बांधवलं टिकमगढच्या राणीने, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या. बिहारमधल्या जयनगरहून तिकडे जाणारी रेल्वे २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. हे सगळं एका रेषेने कापायचं कसं?

मी दोन्हीकडे एकच फिकट रंग देऊन त्यावर सीमा तुटक रेषेने काढणार होते. सहकारी म्हणतात, त्याने मुलांना तो प्रदेश वादग्रस्त वाटेल. मुद्दा बरोबर वाटतो. मग पर्याय काय?

दुसरं, नुसते सणवार दाखवले तर तक्ता गुळगुळीत होईल. मला नेपाळातून बिहारमध्ये येणारी कोसी नदीही हवी आहे. २००८ मध्ये बांध फुटला नेपाळातल्या कुसहाला आणि बिहारमधले जिल्हे बुडाले. हे एकाच नकाशात बसवावं की शेजारी वेगळी चौकट करावी?

मधुबनी, दरभंगा किंवा जनकपूरकडे राहिलेलं कुणी असेल तर रोजची ये-जा कशी चालते तेही सांगा. नकाशे करणाऱ्यांनी कच्चं रेखाटन टाकलं तरी चालेल.