मदत हवी आहे: वरच्या पट्टीतले वर्कस्पेसचे ठिपके कसे घालवू?

नमस्कार मंडळी. घरचा लॅपटॉप उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेला. वर डाव्या कोपऱ्यात आधी ‘ॲक्टिव्हिटीज’ लिहिलेलं असायचं. ग्नोम (उबुंटूचा डेस्कटॉप) ४५ पासून तिथे वर्कस्पेसचे, म्हणजे खिडक्या वेगवेगळ्या मांडायच्या आभासी पडद्यांचे, ठिपके आलेत. मला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण खरा घोळ बाबांचा होतो. ठिपक्यांवर माउसचं चाक फिरलं की वर्कस्पेस बदलतं, खिडक्या दिसेनाशा होतात आणि आतून हाक येते, "अरे, माझं पत्र कुठे गेलं?"

सेटिंग्जमध्ये ‘मल्टिटास्किंग’खाली वर्कस्पेसची संख्या १ ठेवली. घोळ थांबला, ठिपक्यांचं बटण मात्र जागेवरच!

‘जस्ट परफेक्शन’ एक्स्टेन्शनने (ग्नोमला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) ते लपतं, माहीत आहे. पण दर नव्या ग्नोमबरोबर एक्स्टेन्शन जुळवत बसायचा कंटाळा येतो. त्याशिवाय काही मार्ग आहे का? सुपर की (कीबोर्डवरची विंडोज चिन्हाची कळ) मात्र चालू राहायला हवी, ती बाबांना आत्ताच कुठे जमायला लागलीय.