गोड्या पाण्यात डुंबायला धरणाचा काठ नको: माझं मत, तुमचं सांगा

मुलुंडची_आई
दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतली चार घरं मिळून एक दिवस गोड्या पाण्यात पोहायला जायचं ठरवतोय. मुलं धरून तेरा जण. मुंबईत तशी जागा नाही. विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिथे कुणी उतरू नये हेच बरोबर. पवईत मगरी आणि जलपर्णी. मग जो तो म्हणतो, पवना धरण! फोटोत काठ सुरेख दिसतो, तंबू लागलेले असतात, लोणावळ्याहून गाडीने फार वेळ लागत नाही.

मी मे महिन्यात तिथे गेले होते. पाणी खूप उतरलेलं, एरवी बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडलेलं. काठाने पाण्यात शिरले. आधी घोटाभर गाळ, मग नडगीपर्यंत. मग पायाला दगडी बांध लागला, बरं वाटलं. त्यावरून पुढचं पाऊल टाकलं तर खाली काहीच नाही, एकदम छातीपर्यंत पाणी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही बुडालेली भातखाचरं आहेत, पायरीपायरीने उतरणारी. दिवाळीत धरण भरलेलं असतं, तेव्हा काठाशी अशीच कुठली तरी वरची पायरी पाण्याखाली असणार आणि वरून ती दिसणार नाही. समुद्राच्या पुळणीसारखा सावकाश उतार तिथे नाहीच. जीवरक्षक नाही, दोरी नाही, खोलीची पाटी नाही. माझं मत ठाम आहे: पोहता न येणाऱ्या मुलांना घेऊन धरणात उतरू नये.

विहिरीत_शिकलेला
ताई, राग मानू नका, पण पटलं नाही. आम्ही सातारकडचे. काकांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं, चौथ्या दिवशी डबा सुटला. चाळीस फूट पाणी होतं, तळ कुणाला दिसत होता? मुंबईतली मुलं क्लोरीनच्या पाण्यात पाऊण तासाची बॅच करतात आणि खुल्या पाण्यात गेली की बावरतात. कुठेच नेलं नाही तर ती शिकणार कधी? पाण्याची भीती घालून पोहणारी पोरं तयार होत नाहीत.

मुलुंडची_आई
दादा, तुमच्या विहिरीच्या काठावर काका उभे होते. त्यांना त्या विहिरीची पायरी न् पायरी माहीत होती आणि त्यांचं लक्ष एका मुलावर होतं. पवनेच्या काठी आमची नऊ मुलं आणि चार मोठी माणसं, त्यातली दोन चुलीपाशी. तुमचं शिकणं आणि आमची सहल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मावळातला
मी तिथलाच. दोघांनाही सांगतो. बुडालेल्याला शोधायला आमच्याच गावची पोरं उतरतात, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची मंडळी येतात. वर पाणी कोमट लागतं, पण ऊन खोलवर पोचत नाही. पाच-सहा हात खाली गार पाणी लागलं की माणसाला दम घेता येत नाही. चांगला पट्टीचा पोहणारासुद्धा गडबडतो. हात वर करून ओरडतोय असं क्वचितच दिसतं. बुडणारा गप्प असतो, डोकं वरखाली होतं तेवढंच, बघणाऱ्याला वाटतं डुंबतोय.

पण ताई, "येऊच नका" म्हणू नका. तंबू, पिठलं-भाकरी, यावर इथली घरं चालतात. आम्हाला आखलेली जागा हवी आहे. गाळ काढून सपाट केलेला शंभर फूट काठ, बोयांची दोरी आणि गावातली दोन शिकवलेली पोरं पगारावर. मुंबईत गिरगाव-जुहूला अग्निशमन दलाचे जीवरक्षक असतात ना? मग धरणाला का नकोत?

नियमवाला
+१. युरोपात सार्वजनिक तलावांच्या काठावर हेच करतात. शिवाय 2006 च्या तिथल्या नियमानुसार पोहण्याच्या हंगामात पाण्यातले जंतू तपासून निकाल लोकांना कळवावे लागतात. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे: आंघोळीच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जंतू 500 च्या आत. निकाल काठावर लावलेला मी तरी कुठे पाहिला नाही. 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळ एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, मग बंदी आली. इथे एक तर बंदी, नाही तर मोकळं रान. मधलं काहीच नाही, याचाच मला संताप येतो.

चिंचवडकर
सगळे एक गोष्ट विसरताय. विहार मुंबईचं पिण्याचं पाणी म्हणून त्यात उतरायचं नाही. मग पवना? पिंपरी-चिंचवड तेच पाणी पितं. तुमच्या पाण्याला कुंपण आणि आमच्या पाण्यात मुंबईची आंघोळ, हे मला मान्य नाही. आखलेली जागासुद्धा नको.

मावळातला
पाणी धरणातून नदीत सोडतात, रावेतला उचलतात आणि शुद्ध करून देतात. मधे किती गावं आहेत ते नदीकाठाने बघत या. पोहणाऱ्यापेक्षा काठावर फुटणाऱ्या बाटल्यांचं बोला. माझ्या म्हशीच्या पायात काच गेली होती.

मुलुंडची_आई
चिंचवडकर, तुमचं बोलणं लागलं. मी विहारबद्दल लिहिलं तेव्हा तुमच्या नळाचा विचार मनात आलाच नाही, हे खरं. पवना आमच्या यादीतून गेलं.

आता कर्जतकडे पेज नदी बघतोय.

विहिरीत_शिकलेला
पेज चांगली, पण एक माहीत असू द्या. आजूबाजूच्या नद्या आटल्या तरी ती वाहते, कारण भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं. वीजनिर्मिती वाढली की पाणी वाढतं, वर ढग नसतानाही. सकाळी गुडघाभर होतं म्हणून दुपारी तसंच असेल असं नाही. काठावरच्या गावात आधी विचारा. मोठ्या माणसाने आधी एकट्याने उतरून कमरेएवढ्या पाण्यात दहा पावलं चालून बघावं. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनला पंधरा हात दोरी बांधून न्या, कुणी घाबरलं तर उडी न मारता कॅन फेका. आणि एक माणूस पूर्ण वेळ काठावर, कोरडा, मोबाईल खिशात. भिण्याबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. मुलांना न्याच.

मुलुंडची_आई
नेतेय. दोरी आजच आणते. काठावर पहिला तास मी बसेन.